बंदूक रिकामी आहे, हे कोणी बघितलं?

बाबा गेले तेव्हा घरात दोन बंदुका होत्या. एक बारा बोअरची दुनळी, लोखंडी कपाटात आईच्या ठेवणीतल्या साड्यांच्या मागे उभी. दुसरी ठासणीची एकनळी, माजघराच्या दारावर दोन खुंट्यांवर आडवी. दोन्ही बाबांच्या परवान्यावर, शेती संरक्षणासाठी. कुडाळ-सावंतवाडीच्या आमच्या पट्ट्यात अशा बंदुका पुष्कळ घरांत सापडतील. डुकरं भातात शिरली, माकडं माडावर चढली की हवेत बार काढायचा, एवढंच त्यांचं काम. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायच्या आणि आचारसंहिता उठली की परत आणायच्या. हे सगळं बाबाच बघत असल्यामुळे बाकी कोणाला त्यांच्याकडे बघायची वेळच आली नव्हती.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. तो माणूस गेला की वारसांना ती बंदूक नुसती घरात ठेवणंही बेकायदेशीर. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दिवसकार्याच्या गडबडीत हे सुचलं भाईकाकांना. ते आमचे शेजारी, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि स्वतः परवानाधारक. मी ठाण्यात फोन लावला, तर पलीकडून सांगितलं, "मॅडम, तुम्ही घेऊन येऊ नका, हातही लावू नका. आमचा माणूस येतो."

माणूस यायच्या आधी घरात चर्चा रंगली. दोन्ही बंदुका रिकाम्या आहेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. आई म्हणाली, बाबांनी काडतुसं कधी बंदुकीत ठेवलीच नाहीत, ती वेगळ्या डब्यात असायची. धाकटा भाऊ म्हणाला, इतकी वर्षं बार निघालेला नाही म्हणजे रिकामीच. मामांनी ठासणीच्या बंदुकीकडे लांबूनच बघून निकाल दिला, "केप कुठाय? केप नाही म्हणजे रिकामी." केप म्हणजे घोड्याखाली बसवायची, ठिणगी पाडणारी बारीक टोपी. यांतल्या एकानेही बंदूक उघडून पाहिली नव्हती. भाऊ स्टूल घेऊन ठासणीची खाली काढायला निघाला, तेव्हा भाईकाका पडवीतून ओरडले, "हात लावू नको रे तिका! केप नसली म्हणान बंदूक रिकामी होता काय?"

हवालदार आले ते मध्यम वयाचे, शांत गृहस्थ. पाणी प्यायले, पंचनाम्याचे कागद काढले आणि पहिलं वाक्य बोलले, "लहान मुलं घरात असतील तर मागच्या दारी पाठवा." मग आम्हा सगळ्यांना एका बाजूला, स्वतःच्या पाठीमागे उभं केलं. बंदुकीचं तोंड कुठे राहील ते आधी ठरवलं. अंगणाच्या टोकाला चिऱ्याचा गडगा आहे, भावाने तो दाखवला. हवालदार नको म्हणाले. चिऱ्यावर आदळलेला छर्रा उलटून कुठे जाईल सांगता येत नाही. त्यांनी पोफळीच्या बागेतला मातीचा उंच बांध निवडला. शेवटपर्यंत दोन्ही बंदुकांची तोंडं त्या बांधाकडेच राहिली. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात गेली तरी तोंड तिकडेच.

दुनळीचं काम सोपं होतं, पण ते ज्या सावकाशीने केलं ते मी मुद्दाम लिहिते. कपाटातून बंदूक काढताना त्यांचं बोट चापावर नव्हतं, चापाच्या कड्यातही नव्हतं. ते सरळ लाकडाला लागून होतं, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं. दस्त्याच्या मानेवर सेफ्टीचं बटण आहे, ते मागे होतं, म्हणजे लावलेलं. मी म्हटलं, "सेफ्टी लावलेली आहे." ते म्हणाले, "असू दे." पुढे मला कळलं की बहुतेक दुनळ्यांत ही सेफ्टी फक्त चाप अडवते. आतले घोडे ताणलेलेच असतात. झीज झालेली जुनी बंदूक दगडावर आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो. म्हणून सेफ्टी लावायची जरूर, पण तपासणीत तिला धरायचं नाही.

मग अंगठ्याने वरची चावी उजवीकडे सरकवली आणि नळ्या खाली मोडल्या, म्हणजे खाली झुकवून मागून उघडल्या. करकर आवाज आला, तेल किती वर्षांत मिळालं नव्हतं कोण जाणे. आत काडतुसं असती तर पितळी बुडाच्या दोन चकत्या समोर दिसल्या असत्या. दिसली दोन काळी भोकं. मला वाटलं झालं. हवालदारांनी मात्र दोन्ही भोकांत करंगळी घालून कडेकडेने फिरवली. मग बंदूक उजेडाकडे धरली आणि मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस घालतात त्या बाजूने, नळ्यांतून पाहिलं. तोंडाच्या बाजूने कधीही डोकवायचं नाही, अगदी मोडलेल्या बंदुकीतसुद्धा. उजव्या नळीतून आकाशाची गोल चकती दिसली. डाव्या नळीत अंधार होता.

आईच्या तोंडून "अगोबाई" निघालं. हवालदारांनी बंदूक तशीच मोडलेली ठेवून भाईकाकांना दाखवली. भाईकाकांनी सफाईचा गज मागून घातला, हलकेच ढकलला, आणि नळीच्या तोंडातून वाळलेल्या मातीचा लगदा भुकटी होऊन खाली पडला. कुंभारमाशीचं घर! आत तिने पिलांसाठी कोंबलेले वाळके कोळीसुद्धा होते. हसू आलं सगळ्यांना, पण भाईकाका हसले नाहीत. त्या नळीत काडतूस घालून कोणी बार काढला असता तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि बारा बोअरची नळी फाटते तेव्हा पुढच्या लाकडावर धरलेला डावा हात तिथेच असतो. काडतूस नाही एवढ्यावर तपासणी का संपत नाही, ते मला त्या मातीने समजावलं. आरपार उजेड दिसेपर्यंत बघायचं.

दुनळी मोडलेल्या अवस्थेतच चटईवर ठेवली गेली. मोडलेली बंदूक कोणालाही दहा हातांवरून दिसते, तिच्याबद्दल विचारावं लागत नाही.

आता ठासणीची. इथे हवालदारांनी प्रांजळपणे हात वर केले. एसएलआर आणि इन्सास रायफली, पिस्तूल सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. 'जाँच शस्त्र'चा हुकूम झाला की डोळे मिटून करतील. पण ठासणीच्या बंदुकीला उघडायला काही नसतंच. तिला मागून बूड बंद असतं. दारू, बूच, छर्रे, पुन्हा बूच, सगळं तोंडातून आत जातं आणि गजाने ठासलं जातं. मागे घोड्याखाली एक बारीक निपल, त्यावर केप बसवायची. घोडा केपवर पडला की ठिणगी आतल्या दारूला लागते. केप काढली की बंदूक उडवायची किल्ली काढली एवढंच. दारू आणि छर्रे आत तसेच. आणि काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते, ती विटत नाही. मामांचं 'केप नाही म्हणजे रिकामी' इथे निकालात निघालं.

भाईकाकांनी ती खाली उतरवली. तोंड बांधाकडे, स्वतः नळीच्या बाजूला, चेहरा किंवा हात तोंडासमोर येणार नाही असे. घोडा अंगठ्याने घट्ट धरून अर्ध्यावर चढवला आणि निपल बघितलं. केप नव्हती, निपलावर हिरवट गंज होता. मग नळीखालचा लोखंडी गज काढला. त्या गजावर, टोकापासून थोडं खाली, कानशीने केलेली एक खाच होती. मी लहानपणापासून ती बंदूक बघत आलेय, पण ती खाच कधी पाहिली नव्हती. बंदूक रिकामी असताना गज तळाला टेकला की ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते, त्यासाठी ती केलेली. बाबांनी केली की त्यांच्या आधी आजोबांनी, आईलाही माहीत नाही.

भाईकाकांनी गज सोडून दिला नाही, दोन बोटांत धरून सावकाश आत उतरवला. तो थांबला. खाच नळीच्या तोंडापासून चार बोटं वर होती. आवाजही आला नव्हता. रिकाम्या नळीत लोखंड लोखंडाला टेकलं की 'टण्ण' वाजतं, इथे नुसताच बद्द. खात्रीसाठी त्यांनी नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरून गज बाहेर काढला आणि बंदुकीच्या बाहेरून नळीला लावून धरला. गजाचं टोक निपलापर्यंत पोचायला हवं होतं, ते अलीकडेच राहिलं. त्या चार बोटांत काय होतं ते सांगायची गरज पडली नाही. भाईकाका गज दाखवत मामांकडे वळून एवढंच म्हणाले, "ह्येका इचार. ह्यो खोटा बोलूचो नाय."

म्हणजे ती भरलेली बंदूक माजघराच्या दारावर होती, आणि तिच्याखालून आम्ही रोज ताटं घेऊन ये-जा करत होतो. आईला मग आठवलं, एका पावसाळ्याआधी माकडांच्या टोळीने उच्छाद मांडला होता; बाबांनी बंदूक भरली, बाहेर गेले, तोवर माकडं पसार. पुढचं तिला आठवेना. अशी भरलेली बंदूक रिकामी करायचा सरळ मार्ग म्हणजे बार काढणं, तो कोणीतरी उद्यावर टाकला असावा.

भाऊ म्हणाला, "मग आता काढू या की बार, बांधात." हवालदारांनी आणि भाईकाकांनी एकाच वेळी नाही म्हटलं. दारू किती घातलीय माहीत नाही, नळी आतून किती गंजलीय माहीत नाही, एकावर एक दोनदा भरलीय का तेही माहीत नाही. शिवाय तिथे ती उडवण्याचा परवाना कोणाकडेच नव्हता. हवालदारांनी ओरोसला मुख्यालयात फोन लावला. बंदूक, तोंड बाहेरच्या बाजूला करून, कोपऱ्यातल्या खोलीत ठेवली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. आम्ही त्या रात्री माजघरात जेवलो नाही. कारण काही नव्हतं, पण जेवलो नाही.

पोलिसांची शस्त्रं सांभाळणारा, दुरुस्त करणारा आर्मरर दुसऱ्या दिवशी आला. तरुण मुलगा, सोबत एक पिशवी आणि एक लांब गज, ज्याच्या टोकाला बुचाचा स्क्रू असतो तसा पीळ. त्याने आल्याबरोबर सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. तोंडाची दिशा, घोडा, निपल, गज, खाच. हवालदार बाजूला उभे राहून "काल बघितलंय" म्हणाले, तर तो फक्त "हो" म्हणाला आणि काम करत राहिला. मला तो तिथेच आवडला.

मग त्याने नळीत पाणी ओतलं, तोंडापर्यंत, आणि तसंच राहू दिलं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, त्यातला तीन-चतुर्थांश सोराच. सोरा पाण्यात विरघळतो आणि मग दारू पेटत नाही. चहा झाला, गप्पा झाल्या. थोड्या वेळाने निपलाच्या भोकातून काळं पाणी ठिबकायला लागलं. पुरतं भिजल्याची खात्री झाल्यावर त्याने पीळवाला गज घालून फिरवला आणि ओढला. पहिल्यांदा आला तो काथ्याचा बोळा, सोडणातून उपसलेला असावा, काळा ठिक्कर आणि घट्ट. त्यामागून वर्तमानपत्रावर छर्रे घरंगळले. एका मापाचे नव्हतेच, घरी ओतलेल्या शिशाचे ओबडधोबड मणी. मग दुसरा बोळा. मग शाईसारखा चिखल.

तो चिखल त्याने बादलीभर पाण्यात कालवला. नुसता टाकून दिला आणि वाळला तर दारू पुन्हा पेट घेऊ शकते, असं तो म्हणाला. आईने विचारलं, हे पाणी कुठे ओतू? भाईकाकांनी सांगितलं, माडाच्या मुळात ओत, सोरा म्हणजे खतच की. ओतलं. शेवटी निपल पान्याने काढून नळीतून स्वच्छ पाणी सोडलं, ते मागच्या भोकातून धार धरून बाहेर आलं. नळी पुसून त्याने गज घातला. टण्ण. खाच नळीच्या तोंडाशी. त्याने गज माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्ही पण बघा." मी पाहिलं. हवालदारांनी पाहिलं. मगच पंचनाम्यात 'रिकामी' हा शब्द लिहिला गेला.

ठासणीची बंदूक आम्ही परत घ्यायची नाही असं ठरवून तसा अर्ज दिला. दुनळी मात्र माझ्या नावावर करायचं मी मनावर घेतलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं तर ते त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे करता येतं, हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. घरात कोणाकडे जुनी बंदूक असेल तर एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे. कागदपत्रांचं रडगाणं इथे गात नाही. वारसांची संमतीपत्रं, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, पोलीस अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा, ज्याला जायचं आहे त्याला कळेलच. त्यात एक कागद शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा, फॉर्म एस-१. त्यासाठी मी रायफल क्लबात गेले.

तिथे शिकवणारे सर निवृत्त फौजी. नेम वगैरे पुढचं, आधी टेबलावर चार प्रकारची शस्त्रं मांडली आणि म्हणाले, "यातलं कुठलं भरलेलं आहे?" आम्ही बघत राहिलो. "सगळी," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः उघडून बघेपर्यंत सगळी."

पिस्तुलाला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढलं की पिस्तूल रिकामं, असं निम्म्या वर्गाला वाटत होतं. सरांनी मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढली, आणि नळीच्या बुडातून नारिंगी डमी काडतूस टेबलावर उडून पडलं. मॅगझीन बाहेर, गोळी आतच! पुढची गंमत क्रमात. एका तरुणाने आधी स्लाइड ओढली, डमी बाहेर पडलं, मग त्याने ऐटीत मॅगझीन काढलं आणि "रिकामं" म्हणाला. सरांनी त्याला स्लाइड पुन्हा ओढायला लावली. दुसरं डमी पडलं. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली की एक बाहेर जातं आणि पुढे येताना ती दुसरं आत ढकलते. म्हणून आधी मॅगझीन, मग स्लाइड. स्लाइड मागे अडकवून ठेवायची, डोळ्याने बघायचं, आणि करंगळीने चाचपायचं. अंधारात, घाईत, झोपेतून उठून डोळा फसतो. त्यांनी आम्हाला डोळे मिटून नुसत्या बोटाने तपासायला लावलं. भरलेल्या आणि रिकाम्या भोकातला फरक बोटाला लगेच कळतो; तो एकदा कळला की विसरत नाही.

रिव्हॉल्व्हर त्या मानाने सरळ. कानपूरच्या कारखान्याचं .३२ होतं, ते दुनळीसारखंच मधून मोडतं आणि सहाही घरं समोर येतात. सहा मोजायची. पाच मोजून सोडायचं नाही. बोल्टच्या .२२ रायफलमध्ये बोल्ट मागे ओढून नळीत नारिंगी प्लास्टिकची दोरी घालतात, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरीचं एक टोक बाहेर लोंबतं, म्हणजे लांबूनही कळतं की आत गोळी असूच शकत नाही. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, ती रायफल याच .२२ बोअरची. ऑलिंपिकला पोचलेल्या नेमबाजालाही सेफ्टी फ्लॅग घालावाच लागतो, त्याचा हात कितीही सरावलेला असो.

बारा बोअरबद्दल सरांनी एक गोष्ट सांगितली ती मला आधी ऐकायला मिळाली असती तर डाव्या नळीतल्या अंधाराने मी जास्त घाबरले असते. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत चुकून घातलं तर ते घसरून पुढे जातं आणि नळीत अडकतं. मागून बघणाऱ्याला घर रिकामं दिसतं. त्याला वाटतं भरायचं राहिलंच, म्हणून तो बारा बोअरचं काडतूस घालतो. पुढचं सांगायला नको. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. तिथेही उपाय तोच, नळीतून आरपार आकाश बघणं.

परवाना झाल्यावर दुनळी आणायला ठाण्यात गेले. मुद्देमाल कारकुनाने ती आतून आणली, माझ्यासमोर मोडली, दोन्ही नळ्या दाखवल्या, मोडलेलीच माझ्या हातात दिली. मी तोंड भिंतीकडच्या वाळूच्या पेटीकडे केलं, दोन्ही घरांत करंगळी फिरवली, उजेडाकडे धरून नळ्या पाहिल्या. तो म्हणाला, "मॅडम, आत्ताच तर दाखवली." त्यात रागवण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं, नुसतं आश्चर्य वाटलं होतं. मी सही केली.

आता ती कपाटात कुलपात आहे, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. भावाने सुचवलं होतं की कुंभारमाशी पुन्हा शिरू नये म्हणून नळ्यांच्या तोंडात फडका कोंबून ठेवू. ते मी ऐकलं नाही. माशीचं घर निदान आपण केलेलं नसतं. आपणच कोंबलेला फडका नेमका घाईच्या वेळी विसरतो, आणि नळी फुटायला तो मातीइतकाच पुरतो. जाड कापडाचं कव्हर शिवून घेतलं, त्याला तोंडापर्यंत चेन आहे. दर दिवाळीच्या सफाईला बाहेर काढून तेल देते, तेव्हा मोडल्यावर आता करकर वाजत नाही.